झाकण शफीचं, डबा नानासाहेबांचा

"मोनिका, हे झाकण कुणाचं आणलंस?"

स्वयंपाकघरातून प्रश्न आला तेव्हा मोनिका उष्णतेचे सुवाहक पाठ करत होती. तिने पुस्तक मिटलं. भांड्यांविषयीच्या प्रश्नाला बसल्या जागेवरून उत्तर दिलेलं मम्मीला चालत नसे.

ओट्यावर स्टीलचा डबा पालथा होता. बुडावर कोरलेलं होतं, 'नानासाहेब रामकिसन, करमाड'. शेजारच्या झाकणावर कोरलेलं होतं, 'शफी'.

"लाइबाच्या घरचं आहे," मोनिका म्हणाली. "डबे धुताना बदललं असेल."

"आणि आपलं?"

"तिच्याकडे."

गेल्या दिवाळीपर्यंत ही दोन्ही कुटुंबं गारखेड्यात एकाच मजल्यावर समोरासमोर राहत होती. भांडीवाला इमारतीच्या पार्किंगमध्ये आला होता, तेव्हा दोघींनी एकाच मापाचे डबे घेतले आणि तिथल्या तिथे नावं घालून घेतली. मोनिकाच्या मम्मीने सासऱ्यांचं नाव घातलं, कारण त्या घरात चमच्यापासून पिंपापर्यंत सगळं सासऱ्यांच्याच नावाचं होतं. समोरच्या जाहेदाने नवऱ्याचं घातलं. पुढे शफीभाईंनी शहागंजातल्या आपल्या अस्तर-बटणांच्या दुकानाजवळ घर घेतलं आणि मंडळी तिकडे गेली. मुली मात्र त्याच शाळेत, त्याच वर्गात राहिल्या. त्यामुळे काहीच बदललेलं नाही, असं दोन्ही आया धरून चालल्या होत्या.

बदललेलं असं होतं, की लाइबाची शाळेच्या खो-खोच्या संघात निवड झाली होती. संघाने मधल्या सुट्टीत एकत्र बसून खायचं, असा सरांचा नियम होता. "उद्यापासून मी टीमसोबत बसणार," लाइबाने आदल्या दिवशी डबा धुताधुता सांगितलं होतं. मोनिका "बरं" म्हणाली होती. मग दोघींनी आपापले डबे उचलले आणि बहुधा त्याच वेळी झाकणांची अदलाबदल झाली.

हे मम्मीला सांगण्यात एक धोका होता. मामाच्या लग्नात मोनिकाचं आणि तिच्या मामेबहिणीचं भांडण झालं, तेव्हा मम्मीने दोघींना हाताला धरून स्टेजवर नेलं होतं आणि नवरा-नवरीसमोर एकमेकींच्या गळ्यात पडायला लावलं होतं. व्हिडिओवाल्याने ते सगळं टिपलं आणि त्याला मागून सनई जोडली. ती सीडी अजून नातेवाइकांकडे फिरते. मैत्रीचं काही बिनसलंय असं मम्मीला नुसतं कळलं, तरी ती थेट शाळेत येईल, याविषयी मोनिकाला शंका नव्हती. आणि तशीही, गोष्ट मोठ्याने सांगितली की खरी होते. नाही सांगितली, तर लाइबा कदाचित सोमवारपासून परत शेजारी बसायला येईल.

"उद्या झाकण देऊन टाकते," ती म्हणाली.

"नुसतं झाकण?" मम्मीने तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिने नळाला साडी नेसवायचं म्हटलं होतं. "दुसऱ्याच्या घरचं भांडं असं रिकामं देतात का? आणि झाकण तर रिकाम्या भांड्याहून वाईट. ते आपल्या डब्याला लावूनच पाठवते. धपाटे करते चार."

ही मम्मीची चूक नव्हती. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हा नियम ती माहेरहून हुंड्यासारखा घेऊन आली होती. अडचण एवढीच होती, की तोच नियम शहागंजातही पाळला जात होता.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळापाशी दोघी भेटल्या. दोघींच्याही हातात डबा होता.

"अम्मीने पाठवलंय," लाइबा म्हणाली. "गुलगुले. तुमचं झाकण लावलंय त्याला."

"आमचे धपाटे. तुमचं झाकण."

"बरं."

"बरं."

डबे बदलून झाले. लाइबा संघाकडे पळाली. घरी आल्यावर मम्मीने डबा हातात घेऊन उलटासुलटा केला. झाकण आता नानासाहेबांचं होतं. डबा शफीचा होता.

"अगं, झाकण आलं आणि डबा गेला!"

"त्यांनीही तेच केलं, मम्मी. तू झाकण द्यायला डबा पाठवलास, त्यांनीही पाठवला."

"मग आता त्यांचा डबा द्यायला हवा."

"झाकण न लावता दे."

"उघडा डबा?" मम्मी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शफीच्या डब्यात शेंगदाण्याच्या पोळ्या गेल्या, वर नानासाहेबांचं झाकण. त्याच सकाळी जाहेदानेही तोच विचार करून नानासाहेबांच्या डब्यात गोड भात भरला आणि वर शफीचं झाकण लावलं. संध्याकाळी मोनिकाच्या ओट्यावर डबा नानासाहेबांचा आणि झाकण शफीचं होतं, म्हणजे जिथून सुरुवात झाली होती तिथेच सगळं येऊन ठेपलं होतं.

तेव्हापासून एक दिवस झाकण परकं आणि एक दिवस डबा परका, असं चालू झालं. दोन्ही बायका सारख्याच सभ्य आणि सारख्याच तत्पर असल्यामुळे यातून बाहेर पडायला मार्ग उरला नव्हता. दोघींपैकी एक जरी आळशी असती, तर प्रकरण दोन दिवसांत मिटलं असतं. एकदा मम्मीने युक्ती म्हणून हळदीच्या डब्याचं तिसरंच झाकण लावून पाठवलं. तेही गेलं आणि परत यायला त्याला आठवडा लागला. तोवर हळदीवर बशी होती.

मध्ये जाहेदाचा फोन आला. "ताई, आता बास करा हां. तकलीफ नका करू. रोज रोज काय पाठवता?"

"छे हो भाभी, तकलीफ कसली? तुम्हीच राहू द्या आता. किती करता!"

"नको नको, तुम्ही राहू द्या."

"तुम्ही राहू द्या!"

फोन ठेवल्यावर मम्मी पाटावर बसली. "बघ, नको म्हणाल्या."

"मग नको पाठवू ना."

"वा! नको म्हणाल्या नि हिनं लगेच बंद केलं, असं वाटेल त्यांना." तिने गॅसकडे पाहिलं. "रवा आहे का बघ. उद्या लाडू करते."

श्रावण गेला, गणपती गेले. मम्मी आता पहाटे उठत होती. आधी घरच्यांचा डबा, मग सोमनाथचा, म्हणजे मोनिकाच्या पप्पांचा शेंद्र्याच्या कंपनीत न्यायचा डबा, आणि मग 'तिकडचा' डबा. तिकडचा डबा सगळ्यांत चांगला असायला लागायचा. घरच्यांना त्यातलं उरलेलं मिळायचं. पप्पांनी एकदा विचारलं, "मी शहागंजात राहायला गेलो तर लाडू मिळतील का?" मम्मी हसली नाही. तिला हसण्याइतकी झोप मिळत नव्हती.

मोनिकाला उपाय ठाऊक होता. नळापाशी दोन्ही डबे समोरासमोर आले, की झाकणं काढायची आणि इकडचं तिकडे लावायचं. डबा ज्याचा त्याच्याकडे, झाकण ज्याचं त्याच्याकडे. पाणी प्यायला लागतो त्याहून कमी वेळ. हे तिला पहिल्याच आठवड्यात सुचलं होतं. पण मग लाइबाला नळापाशी यायचं कारण राहिलं नसतं.

तसं त्या भेटीत फार काही नसायचं.

"आज काय?"

"सुशीला."

"जड नाहीये."

"चुरमुऱ्यांचा असतो."

"हां."

मग लाइबा आपली वेणी खांद्यामागे टाकून पळायची. तिच्या गुडघ्यावर आता कायम खरचटलेलं असायचं आणि ती ईश्वरी नावाच्या आठवीतल्या कॅप्टनसारखी शिट्टी वाजवायला शिकली होती. मोनिका वर्गाच्या पायरीवर बसून आपला डबा एकटी खायची आणि दुसऱ्या दिवशी डब्यात काय असेल याचा विचार करायची. धपाटे असले तर बरं. धपाट्यांवर लाइबा एखादं वाक्य जास्त बोलायची.

ऑक्टोबरच्या उकाड्यात करमाडहून नानासाहेब आले. त्यांचा खोकला हटत नव्हता, म्हणून छातीचा फोटो काढायचा होता. मम्मीने हे फोनवर जाहेदाला सांगितलं. फोटो चांगला आला, हे सांगायचं राहून गेलं.

त्याच आठवड्यात संघाचा दुसऱ्या शाळेशी सामना होता. सामन्याच्या दिवशी सर भिजवलेले हरभरे आणायचे, ते विसरले. मधल्या सुट्टीत लाइबाने नळापासून डबा आणला आणि नेहमीसारखा दप्तरात ठेवायला लागली.

"काय गं, रोज लपवतेस काय त्यात?" ईश्वरीने विचारलं.

"घरी न्यायचाय."

"वास तर बघा गं. धपाटे! आण इकडं."

नऊ भुकेल्या मुलींसमोर चार धपाट्यांचं जे व्हायचं ते झालं. लाइबाच्या वाट्याला अर्धाही आला नाही. सामना मात्र त्यांनी जिंकला. घरी जाण्याआधी लाइबाने डबा नळावर नीट धुतला, पुसला आणि झाकण लावून दप्तरात ठेवला. तो न धुता तसाच नेला असता, तर पुढचं सगळं टळलं असतं.

जाहेदाने डबा उघडला. आत चकचकीत स्टील होतं.

"लाइबा, यह खाली कैसा?"

लाइबासमोर दोन वाटा होत्या. टीमने खाल्लं म्हणून सांगावं, तर ती टीमसोबत बसते हे कळलं असतं. आणि जुन्या मैत्रिणीला सोडून नवीन मुलींत बसणं म्हणजे घमंड, हे अम्मीचं मत घरात सगळ्यांना पाठ होतं.

"तसाच आला, अम्मी," ती म्हणाली. "रिकामाच दिला मोनिकाने."

जाहेदा पलंगावर बसली. मोनिकाच्या मम्मीकडून रिकामं भांडं? ती बाई भूकंपात आधी डब्यात काहीतरी भरेल आणि मग जिना उतरेल. तिच्या घरून रिकामा डबा, तोही धुऊन पुसून येतो, याचा अर्थ एकच. त्या घरात आज चूल पेटलेली नाही. म्हातारबुवांना खोकला होताच.

तिने मम्मीला फोन लावला. कुणी उचलला नाही. परत लावला. मम्मी त्या दुपारी कितीतरी दिवसांनी गाढ झोपली होती आणि फोन उशीखाली होता. मग जाहेदा लाइबाला घेऊन दुकानात गेली आणि तिथून शफीभाईंनी सोमनाथला लावला. त्याचा फोन कंपनीच्या गेटवर जमा होता.

"उठा नै रहे," शफीभाई म्हणाले. त्यांनी दुकानाचं शटर ओढलं. "गर्दी असेल घरात. चल."

"अब्बा, कदाचित कुणी मेलं नसेल," लाइबा म्हणाली.

"ऐसा नै बोलते बेटा. चल तू बी. सहेली है तेरी."

संध्याकाळी बेल वाजली. मोनिकाने दार उघडलं. दारात पांढऱ्या कुडत्यात, मान खाली घातलेले शफीभाई होते. त्यांच्यामागे डोक्यावरून ओढणी घेतलेली जाहेदा, हातात फडक्यात बांधलेलं मोठं पातेलं. सगळ्यांत मागे लाइबा. ती स्वतःच्या चपलांकडे पाहत होती.

आतून मम्मी आली. नुकतीच उठलेली, केस मोकळे, डोळे सुजलेले. तिला पाहून जाहेदाची उरलीसुरली शंका फिटली. तिने पातेलं टेकवलं आणि मम्मीला मिठी मारली.

"सबर करो ताई. सबर."

मम्मी अजून अर्धी झोपेत होती. संध्याकाळच्या वेळी, न कळवता, पांढऱ्या कपड्यांत आलेली माणसं आणि गळ्यात पडलेली जाहेदा, एवढं तिला दिसलं. तिने जाहेदाच्या पाठीवरून हात फिरवायला सुरुवात केली. "हो भाभी. धीर धरा. होतं असं."

"आप हिम्मत रखो."

"तुम्ही हिंमत ठेवा."

दोघी एकमेकींच्या पाठीवर थोपटत राहिल्या. सवयीने कुणीच आधी थांबेना.

"वहिनी, कधी झालं?" शफीभाईंनी हळू आवाजात विचारलं.

मम्मीला वाटलं, माणूस धक्क्यात आहे, त्याला स्वतःलाच आठवत नाहीये. "तुम्ही आधी बसा, शफीभाई. मोनिका, पाणी आण."

"पाणी नको. तुमच्याकडं आज चूल नाही, आम्हाला कल्पना आहे. खिचडी-खट्टा आणलाय. दोन घास खाऊन घ्या."

"आमच्याकडं चूल नाही?" मम्मी म्हणाली.

त्याच वेळी दार लोटून नानासाहेब आत आले.

जाहेदाने तोंडावर हात ठेवला. शफीभाई उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचा आनंद पसरला, आणि मग त्यांचं लक्ष नानासाहेबांच्या डोक्याकडे गेलं. डोक्याला घामोळं आलं म्हणून नानासाहेब कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे गेले होते आणि चकोट करून आले होते. मिशीसुद्धा राहिली नव्हती.

शफीभाई दुकानदार होते, त्यांना अंदाज बांधायची सवय होती. नानासाहेब जिवंत आहेत. डोकं चकोट आहे. म्हणजे राहिल्या त्यांच्या पत्नी, सारजाबाई. त्यांनी पुढे होऊन नानासाहेबांचा हात दोन्ही हातांत धरला.

"नानासाहेब, सारजाबाईंचं ऐकून लई वाईट वाटलं."

"सारजेचं?" नानासाहेब म्हणाले. "काय झालं सारजेला?"

शफीभाईंनी त्यांचा हात आणखी घट्ट धरला. नानासाहेब हळूहळू चपलांच्या स्टँडवर बसले. "सकाळी तर फोनवर चांगली शिव्या देत व्हती," ते म्हणाले आणि त्यांचा आवाज फुटला.

करमाडचे लोक खरेदीला शहागंजात जातात, तेव्हा बातमी आधी शफीभाईंना लागली असणार, हे मम्मीच्या लक्षात आलं आणि ती मोठ्याने रडू लागली. ते बघून जाहेदाही. खोलीत कोरड्या डोळ्यांच्या दोघीच होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. लाइबाने अगदी बारीक मान हलवली, 'नाही' म्हणून.

मोनिका आत गेली. उशीखालून फोन काढला, करमाडला लावला आणि स्पीकर चालू करून बाहेर आणला.

"हालो! कोन?"

"आजी, मी मोनिका. तू बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरली? म्हशीपाशी हाय. जोरात बोल."

"नाना रडतायत, आजी."

"कामून?"

"त्यांना वाटलं, तू गेलीस."

"कुठं?"

मोनिकाने छताकडे पाहिलं. "वर."

तिकडे म्हशीचा आवाज आला. मग सारजाबाईंचा. "आन् त्यान्ला कोन म्हनलं? फोन दे त्यान्ला. काय हो, गोळ्या घेतल्या का दुपारच्या? नाय ना? मला मारायला लई घाई, आन् गोळ्या कोन घेईल?"

नानासाहेब उपरण्याने डोळे पुसत फोनकडे बघून हसत होते. "जित्ती हाय," ते सगळ्यांना सांगत होते, जणू कुणी ऐकलं नव्हतं. "लई जित्ती हाय."

मग साहजिकच प्रश्न आला, की हे सुरू कुठून झालं.

"वो डब्बा खाली आया ना, ताई," जाहेदा म्हणाली. "धुऊन. आम्ही काय समजणार?"

"रिकामा?" मम्मीचे अश्रू जागच्या जागी थांबले. कुणी गेल्याच्या बातमीपेक्षाही हे तिला जास्त लागलं होतं. "माझ्या घरून रिकामा डबा? भाभी, धपाटे घातले होते मी! तीळ लावून!"

सगळे लाइबाकडे वळले. लाइबा भिंतीला टेकली.

"लाइबा," जाहेदा म्हणाली. "तू बोली खालीच था."

"टीमनं खाल्ले," लाइबा म्हणाली.

"कौनसी टीम? तू तो मोनिका के साथ बैठती ना खाने कू?"

लाइबाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. अम्मीचा 'घमंड' हा शब्द आता अगदी जवळ आला होता. मोनिकाला तो येताना दिसत होता, आणि त्याच्या मागून शाळेत येणारी मम्मीही दिसत होती.

"नाही बसत," मोनिका म्हणाली. "खो-खो सुरू झाल्यापासून नाही. तिला टीमसोबत बसावं लागतं. मला माहीत होतं. मीच सांगितलं नाही कुणाला."

बोलून झालं. छताचा पंखा फिरत होता तसाच फिरत राहिला.

"भांडलात?" मम्मीने विचारलं.

"नाही."

"मग?"

"मग काही नाही."

"असं कसं? काहीतरी झाल्याशिवाय असं होतं का?"

"होतं."

मम्मी उठली. तिने दोन्ही हात पुढे केले, एक मोनिकाच्या दिशेने आणि एक लाइबाच्या. मोनिका मागे सरकली. पण लाइबाच आधी बोलली.

"काकू, भांडलो असतो तर मिटवलं असतं आम्ही."

मम्मीचे हात हवेतच राहिले. या वाक्याला काय करतात, ते तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. ती हळूच परत बसली.

"म्हणजे तुम्ही नळावर नुसते डबे बदलत होता?" तिने विचारलं.

"हो."

"रोज?"

"रोज."

"आणि मी पहाटे उठत होते," मम्मी म्हणाली. "मोनिकाला कमीपणा वाटायला नको, म्हणून."

"मी पण, ताई," जाहेदा म्हणाली. "लाइबा बोलेल, मोनिकाच्या घरून इतकं येतं आणि आपण कायच देत नाही. माझी तर कंबर गेली."

"माझा खांदा."

दोघींच्या मनात एकच गोष्ट आली होती आणि ती तोंडावर दिसू नये म्हणून दोघी झटत होत्या.

"मग आता..." मम्मी सावकाश म्हणाली, "मुली एकत्र बसतच नाहीत म्हटल्यावर... पाठवण्यात तसा अर्थ नाही."

"नाही ना," जाहेदा म्हणाली. "कायको पाठवायचं."

आवाजात दुःख आणायचा दोघींनीही प्रयत्न केला, पण ते काही जमलं नाही.

रिकामा डबा लाइबाने सोबत आणला होता. मुलींना स्वयंपाकघरात पाठवण्यात आलं. ओट्यावर दोन्ही डबे शेजारी होते. मोनिकाने झाकणं उचलली, इकडचं तिकडे लावलं आणि दाबलं.

"एवढंच होतं," लाइबा म्हणाली. "तुला आधी सुचलं नव्हतं?"

"नाही. तुला?"

"नाही."

सातवीत गणितात पहिल्या दोन त्याच होत्या.

बाहेर सगळ्यांनी मिळून खिचडी-खट्टा खाल्ला. नानासाहेबांनी तीनदा वाढून घेतला. आपल्याच दहाव्याला इतकं चांगलं जेवायला मिळालेला करमाडात मीच पहिला, असं ते म्हणाले आणि त्यांना जोराचा खोकला आला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत लाइबा नळापाशी आली नाही. मोनिका थोडा वेळ थांबली. भरलेली बाटली तिने ओतून परत भरली. मग वर्गाच्या पायरीवर न जाता ती वाचनालयाच्या ओट्यावर गेली. तिथे दोन मुली भेळ खात होत्या आणि कोण जास्त तिखट खाऊ शकतं यावर वाद चालला होता. त्यांनी सरकून जागा केली. लाइबा मैदानातून दिसली की हात करायची. मोनिकाही करायची. बाकी त्यात काही वाढलं नाही आणि कमीही झालं नाही.

वाढलं ते दुसरीकडे. सकाळ मोकळी झाल्यामुळे मम्मी आणि जाहेदा आता फोनवर बोलायला लागल्या. आधी कंबर आणि खांद्याविषयी, मग सासरच्यांविषयी. डबा पाठवायचा नसल्यामुळे एकमेकींशी खरं बोलता येतं, असा शोध त्यांना लागला होता. शनिवारी मम्मी रिक्षाने शहागंजात जायची आणि दोघी मिळून बाजार फिरायच्या. तिकडून ती पिशव्या घेऊन, हसत, उशिरा यायची. आणलेली लेस कशावर लावायची ते दोघींनाही माहीत नसायचं.

थंडी पडली. एका शनिवारी मोनिका शाळेतून आली, तर मम्मी बाहेर जायची साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली होती.

"गेली नाहीस?"

"नाही."

"का?"

"जाहेदाभाभी जाऊन आल्या. त्यांच्या शेजारी ती नौशीन राहायला आलीय ना, तिची स्कूटी आहे. दोघी सकाळीच गेल्या."

"मग उद्या जा."

"उद्या कशाला? झाला की त्यांचा बाजार." मम्मीने पर्सची चेन उघडली आणि बंद केली. "मागच्या शनिवारीही असंच झालं. फोन येतो, नाही असं नाही. पण आता जाऊन आल्यावर येतो."

मोनिकाने दप्तराचा पट्टा खांद्यावरून उतरवला.

"मी काही बोलले असेन का गं? नौशीनच्या स्कूटीला मी हसले होते एकदा. त्याचा राग आला असेल?"

"नसेल."

"मग काहीतरी झालं असेल ना. उगीच कशाला कोण..." मम्मी थांबली. तिने मुलीकडे पाहिलं आणि वाक्य अर्धंच ठेवलं.

मोनिकाने दप्तर खाली ठेवलं, हात धुतले आणि चहाला आधण ठेवलं. आलं किसलं. दुसरं स्टूल ओढून ती मम्मीच्या शेजारी बसली, थोडी जागा सोडून. समजावणं, कारणं शोधणं, उद्या बरं वाटेल असं सांगणं, यातलं तिने काही केलं नाही. पाण्याला उकळी येईपर्यंत ती नुसती बसून राहिली.

तिला अनुभव होता.